दोन ऋतूंचा कप्तान

जवसाचा वास मी झोपेतही ओळखेन. तव्यावर तडतडणारे ते तपकिरी, तुकतुकीत दाणे, कुटताना उखळातून वर येणारा किंचित कडवट आणि स्निग्ध दरवळ, मग गरम भाकरीच्या पापुद्र्यात हळूहळू मुरत जाणारी चटणी. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावातली माझी सगळी शाळकरी सकाळ त्या एका वासात मावते. म्हणून गेल्या वर्षी एप्रिलमधल्या एका रविवारी, लेकीला क्वीन्सटाउनच्या मैदानावर फुटबॉलच्या सरावाला सोडून मी चहाच्या शोधात एका जुन्या ब्लॉकखालून चाललो असताना तो वास अवचित आडवा आला, तेव्हा पाय आपोआप थांबले. सिंगापूरमधल्या या सरकारी इमारतींच्या तळमजल्यावर घरं नसतात. नुसते खांब असतात आणि त्यांच्यामधून वाहणारा वारा. अशाच एखाद्या खांबाआड आपल्याकडची कुणी बाई सुपात जवस घेऊन बसली असणार, असं मनानं परस्पर ठरवूनही टाकलं, आणि कुठल्या गावच्या म्हणून कसं विचारायचं याची जुळवाजुळव करत मी खांबाला वळसा घातला.

तिथे एक उंच, गोरे, ऐंशी पार केलेले इंग्रज गृहस्थ बसले होते. मांडीवर मधाच्या रंगाची जुनी क्रिकेटची बॅट, हातात मऊ फडकं, शेजारी बाकावर एक बुटकी बाटली. डोक्यावरच्या पाटीवर ‘इथे चेंडूचे खेळ खेळू नयेत’ असं चार भाषांत लिहिलेलं होतं आणि तिच्याच खाली बसून ते बॅटच्या अंगावरून फडकं फिरवत होते. न्हाऊ घालण्याआधी बाळाला तेल लावावं तसं, आधी पाठ, मग पोट, मग टाच. न राहवून मी विचारलं, हे जवसाचं तेल ना? हो, म्हणाले, एप्रिल लागला, हिला तहान लागली असेल. आमच्याकडे आम्ही हे खातो, असं मी सांगितल्यावर मात्र त्यांचा हात थांबला.

“खाता?”

“रोज. चटणी करून.”

“मे लिन,” त्यांनी मागे वळून हाक मारली, “हा माणूस बॅटचं तेल खातो.”

दोरी बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून कॉफी घेऊन त्यांच्या पत्नी खांबांमधून येत होत्या. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या, “गुड लाह. तुझ्या बॅटपेक्षा तरी धट्टाकट्टा दिसतो.”

डेन्बीसाहेबांची आणि माझी ओळख अशी जवसानं करून दिली. पुढे कितीतरी रविवार, लेकीचा, म्हणजे मित्राचा, सराव संपेपर्यंतचे दोन तास, मी त्या बाकावर त्यांच्या शेजारी बसून काढले, आणि त्या दोन-दोन तासांच्या तुकड्यांतून एका माणसाचं आयुष्य माझ्यासमोर हळूहळू जुळत गेलं. कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्या बापाचा हा मुलगा सतराव्या वर्षी गावच्या फुटबॉल क्लबात पगारी खेळाडू झाला आणि अठराव्या वर्षी काउंटीच्या क्रिकेट मैदानावर रोलर ओढायला लागला. रोलर ओढता ओढता पाचव्या क्रमांकावर फलंदाजी करू लागला. हिवाळाभर फुटबॉल, उन्हाळाभर क्रिकेट. हिवाळ्यात गुडघाभर चिखल, पावसानं भिजून दगडासारखा जड झालेला चामड्याचा चेंडू, चार वाजताच अंधारून येणारं आभाळ. उन्हाळ्यात कापलेल्या गवताचा हिरवा वास, रात्री नवापर्यंत रेंगाळणारा प्रकाश, आणि पांढऱ्या कपड्यांवर पडलेले गवताचे डाग. फुटबॉलचा त्यांचा क्लब कधी फार वर चढला नाही. क्रिकेटमध्ये देशाच्या संघाचं दार त्यांनी दोनदा ठोठावलं, ते उघडलं नाही. पण वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांची काउंटी त्यांच्याकडे आली आणि पाच उन्हाळे ते तिचे कप्तान होते. एकदा संघ दुसरा आला. “दुसरा येणं फार सुंदर असतं,” ते म्हणाले, “पुढच्या वर्षीचं काम शिल्लक राहतं.”

वर्षातून दोनदा मात्र त्यांच्या आयुष्यात संधिकाल येई. ऑगस्ट सरताना फुटबॉल सुरू झालेला असे आणि क्रिकेट संपलेलं नसे. एप्रिलमध्ये क्रिकेट उंबऱ्यावर आलेलं असे आणि फुटबॉल अजून घराबाहेर पडलेला नसे. त्या दिवसांत दोन्हीकडचे मालक त्यांना दोन्ही हातांनी ओढत. त्यांनी स्वतःपुरता एक विधी ठरवून घेतला होता: एप्रिलच्या पहिल्या रविवारी बॅटला तेल पाजायचं, आणि फुटबॉलचा शेवटचा सामना झाला की बूट धुऊन, त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, ते फळीवर ठेवायचे, ऑगस्टमध्ये उलट क्रमानं हेच. ऋतू बदलला हे त्यांना आभाळावरून नव्हे, हाताला लागलेल्या वासावरून कळे. पुढे प्रशिक्षक म्हणून ते सिंगापूरला आले, दुखऱ्या गुडघ्याच्या निमित्तानं मे लिन नावाच्या परिचारिकेच्या हाती सापडले आणि इथलेच झाले. या बेटावर ऋतू नाहीत. इथे जानेवारी आणि जुलै सख्खे भाऊ वाटतात. सकाळी ऊन, दुपारी काळे ढग, संध्याकाळी पुन्हा ऊन, वर्षभर हेच. पण डेन्बीसाहेबांचं वर्ष अजून दोनदा कूस बदलतं. ज्या बॅटनं आता कुणीच खेळत नाही तिला एप्रिलमध्ये तेल मिळतं. ऋतू ही गोष्ट निसर्गानंच द्यायची असते असं मी समजत होतो. माणूस ती स्वतःपाशी बाळगून हजारो मैल येऊ शकतो, हे त्या बाकावर कळलं.

आमच्या मंडळींतही त्यांची वर्णी लागली. एप्रिलमधल्या जयंतीला इथली आमची बौद्ध कुटुंबं एकत्र जमतात. अभियंते, संशोधक, त्यांच्या बायकामुलांसह शंभरेक माणसं. सकाळी हॉलमध्ये वंदना, भाषणं, मुलांचे कार्यक्रम, मग जेवण, आणि जेवण अंगावर असतानाच शेजारच्या मैदानावर टेनिस चेंडूनं क्रिकेट. यंदा पंच म्हणून मी डेन्बीसाहेबांना नेलं. निळा फेटा बांधून घेतलेला हा सहा फुटी इंग्रज खीर खाऊन मैदानात उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आमच्या सामन्यात कुणी पंचाशी भांडलं नाही. त्याच सामन्यात माझ्या चौदा वर्षांच्या लेकीनं सीमारेषेकडे सुसाट निघालेला चेंडू पायानं अडवला, पायाच्याच पुढच्या भागानं अलगद वर उडवला, हवेत हातात घेतला आणि तसाच फेकला, यष्ट्या आडव्या. आमचे लोक टाळ्या वाजवत होते. डेन्बीसाहेबांनी बोट वर केलं, पण ते बोट वर केलेल्या अवस्थेत बराच वेळ मित्राकडेच पाहत राहिले. नंतर मला म्हणाले, “याच गोष्टीसाठी एका म्हाताऱ्या सभासदानं माझी लेखी तक्रार केली होती. क्रिकेटच्या मैदानावर पाय वापरतो म्हणून.”

मित्रा दोन्ही खेळते, हेच माझं दुखणं होतं. शाळेच्या फुटबॉल संघात ती होतीच. जयंतीनंतरच्या आठवड्यात एका क्लबच्या मुलींच्या क्रिकेट संघात तिची निवड झाल्याचं पत्र आलं. आठवड्यातून तीन दिवस सराव, आणि तळाशी पालकांच्या सहीसाठी एक रेघ. महिनाअखेरपर्यंत ते परत द्यायचं होतं. पत्र मी फ्रिजवर चुंबकाखाली लावलं आणि जाहीर केलं, की सही होईल, पण फुटबॉल सोडणार असशील तर. एक धर आणि नीट धर.

“पण का?” तिनं विचारलं. “दोन्ही कॅन, पप्पा.”

“नाही जमत, बाळा. दोन दगडांवर पाय ठेवला की माणूस मधल्या पाण्यात पडतो.”

“कुठलं पाणी?” ती म्हणाली, आणि खोलीत गेली. तिनं दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

दोन दगडांचं हे वाक्य माझं नव्हतं, माझ्या वडिलांचं होतं. बाबा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह उघडायचं काम करत. हातात माणसाच्या उंचीची लोखंडी चावी घेऊन ते सायकलवरून गल्लोगल्ली जात, आणि त्यांनी चावी फिरवली की त्या गल्लीतल्या नळांना पाणी येई. मी तेव्हा शाळेच्या खो-खो संघात होतो. जिल्ह्याच्या निवड चाचणीत माझं नाव आलं होतं. खो-खोचं मैदान अजून माझ्या अंगात आहे: दोन टोकांना दोन खांब, मधल्या रांगेत एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसलेली आठ पोरं, टाचेखाली तापलेली माती, आणि पाठीवर थाप पडताच ‘खो’ ऐकून स्प्रिंगसारखं उडणारं शरीर. पाठलाग करणाऱ्यावर या खेळात एक विलक्षण बंधन असतं. उठून एकदा ज्या दिशेला पाऊल टाकलं, ती दिशा बदलायची नाही. पळणारा हाताच्या अंतरावरून मागे निसटला तरी वळायचं नाही, कुणाला तरी खो द्यायचा किंवा थेट खांब गाठायचा. खांबापलीकडे गेल्यावरच वळता येतं. दहावीच्या वर्षी एका संध्याकाळी बाबांनी मला समोर बसवून दोन दगडांचं ते वाक्य सांगितलं, आणि मी खो-खो सोडला. एक दिशा धरली. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय मिळालं, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो, आणि आज या देशात वापरलेलं पाणी पुन्हा पिण्याजोगं करणाऱ्या एका प्रकल्पात काम करतो. बाबा गल्लीला पाणी देत, मी शहराला देतो. हे सगळं त्या एका वाक्यानं दिलं, अशी माझी श्रद्धा होती. ज्या वाक्यानं आपल्याला इथवर आणलं ते लेकीच्या हातात द्यायचं नाही, तर मग द्यायचं तरी काय?

मग मी एक शहाणपणा केला. आमच्यासारखी शिकून वर आलेली माणसं एक चूक हमखास करतात: घरात आपलं म्हणणं पटत नाही असं दिसलं की ‘मोठ्या माणसाचे दोन शब्द’ ऐकवायला बाहेरून कुणाला तरी बोलावतात. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून अंगवळणी पडलेली ती सवय आहे. मला वाटलं, देशाच्या संघाचं दार ज्यांच्यासाठी दोनदा उघडलं नाही, त्यांच्याइतकं दोन दगडांचं दुःख दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? त्यांनी एकच खेळ धरला असता तर ते कुठे पोचले असते. हे त्यांच्याच तोंडून मित्रानं ऐकलं की प्रश्न मिटला. मी बाकावर बसून डेन्बीसाहेबांना सगळं सांगितलं. पत्र, सही, रेघ. म्हटलं, येत्या रविवारी आमच्याकडे जेवायला या आणि तिला समजावा. त्यांनी कॉफीच्या पिशवीची दोरी बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाले, “खरं असेल ते सांगेन.” हा होकारच आहे, असं समजून मी समाधानानं चहा संपवला.

त्या रविवारी बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून जवस भाजल्याचा वास भरून होता. प्रज्ञानं, माझ्या पत्नीनं, ज्वारीच्या भाकऱ्या केल्या होत्या, वांग्याचं भरीत, आणि पाहुण्यांसाठी म्हणून तिखट बेतानं घातलेली चटणी. बेत ऐकल्यापासून ती माझ्याशी जरा तुटक बोलत होती. “पाहुण्यांना जेवायला बोलावलंय की साक्षीला?” एवढंच तिनं शांतपणे भाकरी थापता थापता विचारलं होतं. डेन्बीसाहेब आले, लिफ्टपासून दारापर्यंत शस्त्रक्रियेनं बसवलेला धातूचा गुडघा सांभाळत. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू होती, ती त्यांनी दाराशी चपलांजवळ ठेवली. जेवायला बसल्यावर त्यांनी भाकरीचा तुकडा चटणीत बुडवला, आधी हुंगला, मग जिभेवर ठेवला, आणि डोळे मिटले.

“साठ वर्षं मी हे बॅटला पाजलं,” ते म्हणाले, “आणि स्वतः उकडलेला कोबी खाल्ला.”

“अजून घ्या, काका,” प्रज्ञा म्हणाली.

“तो घेणारच,” मे लिन आंटी म्हणाल्या. “आता रोज मागणार. माझं काम वाढवलंस तू.”

हसण्यातच जेवण चाललं होतं. मग डेन्बीसाहेबांनी हात पुसले आणि मित्राकडे वळून अगदी सरळ सांगितलं, “तुझ्या बाबांनी मला इथे तू एकच खेळ निवडावास असं सांगायला बोलावलंय.” मित्रानं माझ्याकडे पाहिलंही नाही. ताटातल्या भाकरीच्या कडेवर तिची नजर खिळली होती. “मी त्यांना म्हणालो, खरं असेल ते सांगेन. तर ऐक. एकदा मी एकच निवडला होता.”

ते पुढे जे बोलले ते सलग आणि हळू होतं. ज्या वर्षी ते कप्तान झाले, त्या एप्रिलमध्ये त्यांच्या फुटबॉल क्लबचा शेवटचा सामना उरला होता. खालच्या श्रेणीत घसरायचं नसेल तर निदान बरोबरी हवी होती. आणि चारच दिवसांनी काउंटीचा पहिला सामना होता, त्यांच्या कप्तानीखालचा पहिला. काउंटीच्या चिटणीसांनी चिठ्ठी पाठवली होती: घोट्याची काळजी घ्या, आता तुम्ही नुसते खेळाडू नाही, कप्तान आहात. सगळ्यांनीच सांगितलं, आता शहाणा हो. ते शहाणे झाले. ओव्हरकोट घालून प्रेक्षकांत बसले. ते नेहमी जिथे उभे राहायचे त्या डाव्या बाजूनं एक चेंडू आत शिरला, तेवढाच. क्लब एका गोलानं हरला आणि खाली गेला. त्यांचा मित्र गोलरक्षक होता. क्लबनं त्याला सोडलं आणि तो बुटांच्या कारखान्यात कामाला लागला. “तो मला कधी काही बोलला नाही,” ते म्हणाले. “नाताळला भेटकार्ड पाठवत राहिला. एखाद्या वर्षी चार शिव्या लिहिल्या असत्या तर मी ते कार्ड चौकटीत लावलं असतं.”

“आणि क्रिकेटचा सामना?” मित्रानं विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“तीन दिवस पाऊस. एक चेंडू पडला नाही. कप्तान म्हणून माझी पहिली नाणेफेक मी पत्त्यांच्या डावासाठी केली.”

मे लिन आंटी हसल्या, मग तेही हसले, आणि मग आम्ही सगळेच. पण त्या हसण्याच्या तळाशी मला बुटांच्या कारखान्याचा दरवाजा दिसत होता. डेन्बीसाहेबांनी तिला खर्चही सांगितला, लपवला नाही. अठरा वर्षांत स्वतःचे म्हणावेत असे दिवस वर्षाला दहा-अकरा मिळत. दोन्हीकडे तुला अर्धी समजतील. गणिताचा पेपर चुकला की दोन्ही खेळांना दोष देतील. दोन्ही खेळायचे तर दोन्हीकडे सर्वांत आधी पोचावं लागतं, कारण तू दुसरीकडे गेली असशील अशीच सगळ्यांना शंका असते. “मोठा खेळाडू मी झालो नाही, आणि एकच धरला असता तर झालो असतो का, मला ठाऊक नाही,” ते म्हणाले. “पण दोन्ही खेळल्याची खंत मला एकाही सकाळी वाटली नाही. त्या एका शनिवारी न खेळल्याची अजून वाटते.”

“अकरा दिवस इनफ लाह,” मित्रा म्हणाली. आता ती माझ्याकडे बघत होती.

मला राग आला नव्हता. लाज वाटली होती, आणि लाजेच्याही खाली कुठेतरी एक भीती होती. यांचं खरं असेल, तर माझं काय? तापलेल्या मातीवरून उठून मी जो गेलो, ते काय होतं?

नेमका तेव्हा फोन वाजला. रविवारी दुपारी बाबांचा व्हिडिओ कॉल येतोच. मित्रानं फोन उचलून आजोबांना पाहुणे दाखवले, चटणी दाखवली आणि मला काही कळायच्या आत वरिष्ठ न्यायालयात दाद मागावी तशी सगळी हकीकत सांगून टाकली. पडद्यावर बाबा कानाला हात लावून ऐकत होते. पांढऱ्या मिशांखाली हळूहळू हसू पसरलं.

“काहून रे राहुल,” ते म्हणाले, “पोट्टी दोन्ही खेळते, तर तुह्या पोटात काहून दुखते?”

“बाबा, तुम्हीच म्हणायचे ना. दोन दगडांवर...”

“हाव, म्हणो मी.” त्यांच्या मागे अंगणात कुणाच्या तरी नळाला पाणी आल्याचा आवाज येत होता. “पण बापू, तवा आपल्यापाशी दगडच एक होता ना. दुसरा असता, तर मी कायले अडवलं असतं तुले?”

प्रज्ञा उठून आत गेली. पाणी आणते म्हणाली. डेन्बीसाहेबांना वऱ्हाडीतलं एक अक्षर कळलेलं नव्हतं, पण कप्तानाला माणसांचे चेहरे वाचता येत असावेत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, “तू काय सोडलं होतंस?”

खो-खो शब्दांत समजावता येत नाही. मी टेबलावर मीठ-मिरपुडीच्या बाटल्या उभ्या केल्या, चमचे एकाआड एक उलटे ठेवले, तरी जमेना. शेवटी मित्रा म्हणाली, खाली चला, खाली खांब आहेत. फ्रिजवरचं पत्र मी का काढून घेतलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. घडी घालून शर्टाच्या खिशात टाकलं आणि सगळ्यांच्या मागोमाग लिफ्टमध्ये शिरलो.

दुपारचा पाऊस नुकताच पडून गेला होता. ब्लॉकखालच्या सिमेंटवर ओल्या पानांचा वास पसरला होता आणि तिरपं ऊन खांबांच्या सावल्या लांब करत होतं. आमच्याही ब्लॉकला तीच पाटी होती. मे लिन आंटींनी चष्मा सरळ करून ती वाचली. “यात बॉल नाही ना? देन कॅन,” त्या म्हणाल्या, आणि दोन खांबांच्या मधोमध मी दाखवलेल्या जागी लिफ्टकडे तोंड करून खाली बसल्या. त्यांच्या पुढे प्रज्ञा, गाड्यांच्या तळाकडे तोंड करून. त्यापुढे धातूच्या गुडघ्यासाठी सवलत म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर डेन्बीसाहेब, पुन्हा लिफ्टकडे तोंड. आठांच्या जागी तिघंच. पण रांग तीच. एकाआड एक, उलट दिशांना बघत बसलेली माणसं, आणि तरीही एकच संघ. शाळेत असताना मी त्या रांगेत कितीदा बसलो होतो, आणि तिच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

मित्रा पळणारी, मी पाठलाग करणारा. चव्वेचाळीस वर्षांची पोटरी पहिल्या दहा पावलांतच बोलू लागली. मित्रा रांगेतून इकडून तिकडे पाण्यासारखी निसटत होती. फुटबॉलची चकवी पावलं आणि क्रिकेटची नजर, दोन्ही तिच्यात एकाच वेळी पळत होती, आणि मला आतापर्यंत ती दोन वेगवेगळी दिसत आली होती. मी प्रज्ञाच्या पाठीवर थाप मारून खो दिला, ती उठेपर्यंत हसतच राहिली. तिनं डेन्बीसाहेबांना दिला. त्यांनी खुर्चीतूनच हात लांब करून मित्राला जवळजवळ पकडलं होतं, आणि पायानंही अडवायचा प्रयत्न केला, तेव्हा आंटी ओरडल्या, “पाय नाही, पाय नाही, तुझी पुन्हा तक्रार होईल.” मग पुन्हा माझी पाळी आली. मित्रा माझ्या अगदी हाताशी होती आणि एका गिरकीत माझ्या पाठीमागे गेली.

वळलो असतो तर ती सापडली असती. पण नियम अंगात इतका खोल मुरलेला, की पाय वळलेच नाहीत. ते समोर, खांबाकडेच धावत राहिले. मागून तिचं हसणं येत होतं, डेन्बीसाहेब ‘वळ, वळ’ म्हणून ओरडत होते, त्यांना नियम अजून कळला नव्हता. खिशात पत्राची घडी प्रत्येक पावलाला कुरकुरत होती. मी धावत होतो, आणि दहावीतल्या त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा मला ते धावणं चुकलेलं वाटत नव्हतं आणि संपूर्णही वाटत नव्हतं. ती नुसती एक बाजू होती, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंतची. खांबाच्या, पावसानं गार झालेल्या सिमेंटला माझा तळहात लागला. मी वळसा घेतला आणि धापा टाकत थांबलो.

“आता वळता येतं, पप्पा?” पलीकडून मित्रानं विचारलं.

“आता येतं,” मी म्हणालो, आणि खांबाला तसाच धरून खिशातलं पत्र बाहेर काढत विचारलं, “कुणाकडे पेन आहे का?”

पेन कुणाकडेच नव्हतं. मित्रा जिन्यानं वर पळाली, लिफ्टची वाट न बघता. ती येईपर्यंत आम्ही चौघं जण तिथेच बसून राहिलो, दोघं इकडे तोंड करून, दोघं तिकडे. वर आमच्या दाराशी, चपलांजवळ, वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती मधाच्या रंगाची बॅट होती, बहुधा मित्रासाठीच आणलेली. त्या वर्तमानपत्राचे बोळे करून ओल्या बुटांत कसे कोंबायचे, हे मला त्यांना विचारायचं होतं. पण वाऱ्यावर भिजलेल्या मातीचा आणि कुणाच्या तरी बोटांना राहिलेला जवसाचा वास एकदमच आला, आणि मला वाटलं, विचारू, अजून पुष्कळ रविवार आहेत.